पाच फुटांच्या वर्तुळाभोवती बांधलेले घर

व्हीलचेअरला जागच्या जागी पूर्ण वळायचे असेल तर १५०० मिलिमीटर व्यासाचे, म्हणजे जवळजवळ पाच फुटांचे, मोकळे वर्तुळ लागते. मालवण तालुक्यातल्या आमच्या गावी, मूळ घराशेजारच्या जुन्या मांगराच्या, म्हणजे शेतीच्या खोपीच्या, जागेवर आईसाठी आणि आम्हा दोघांसाठी दोन खोल्यांचे लहान घर बांधायचे ठरले, तेव्हा कागदावर सर्वांत आधी हे वर्तुळ उमटले आणि भिंती त्यानंतर आल्या. आराखडा आमच्या भाचीने केला. ती वास्तुविशारद आहे आणि तिचा आग्रह असा होता की, आधी खोल्या मांडून मग त्यांत खुर्ची कशी फिरेल हे शोधत बसण्यापेक्षा आधी खुर्चीची वाट आखावी आणि उरलेल्या जागेला खोल्या म्हणावे.

मूळ घरातच फेरफार करावा असे दादाचे म्हणणे होते आणि त्यामागची त्याची माया आम्हांला कळत होती. परंतु ते घर पाय उचलून चालणाऱ्या माणसांसाठी बांधलेले आहे. खळ्यातून, म्हणजे अंगणातून, वर चढायला उंच पायऱ्या, प्रत्येक दाराला हातभर रुंद उंबरठा, सव्वादोन फुटांची दारे, आणि न्हाणी मागच्या पडवीच्या पलीकडे. अर्धांगवायूच्या झटक्यानंतर आईची उजवी बाजू अधू झाली आणि त्या घरातली प्रत्येक सीमा तिच्यासाठी भिंत ठरली. दारे रुंद करायची तर त्यांच्यावरच्या तुळया आणि जुने चिरे हलवावे लागले असते. एवढ्या खर्चानंतरही न्हाणी होती तिथेच राहिली असती.

लहान घरांची जी छायाचित्रे हल्ली सर्वत्र दिसतात ती आम्हीही हौसेने पाहिली. त्यांतल्या बहुतेक घरांची युक्ती एकच असते: झोपण्याची जागा माळ्यावर न्यायची, तिथे शिडीने चढायचे आणि खालची जमीन मोकळी ठेवायची. अमेरिकेतील निवासी बांधकाम संहितेच्या परिशिष्टात अशा घराची मर्यादा माळा सोडून ४०० चौरस फूट धरलेली आहे. तो ‘माळा सोडून’ हा शब्दप्रयोगच सांगतो की बचत कुठे होते. आम्हांला ती वाट बंद होती, कारण आमचे सगळे घर एकाच पातळीवर हवे होते. त्यामुळे जागा वाचवायची तर ती उंचीत नव्हे, आडव्या मांडणीतच शोधावी लागणार होती. ती सापडली बोळकांडीत. खोलीतून खोलीत जाण्यासाठी जो अरुंद रस्ता घरात ठेवला जातो तो खुर्चीसाठी किमान तीन ते साडेतीन फूट रुंद करावा लागतो, आणि इतकी रुंद जागा केवळ येण्याजाण्यासाठी अडवून ठेवणे लहान घराला परवडत नाही. म्हणून आमच्या घरात एकही बोळ नाही. मधली खोली हीच बैठक, तीच जेवणाची जागा आणि तीच वाट. सर्व दारे तिच्यात उघडतात आणि खुर्चीचे मोठे वळण तिच्या मध्यावर होते.

कागदावर हे पटले तरी आईला पटणे महत्त्वाचे होते. गवंड्याने प्रत्यक्ष पायासाठी आखणी करण्यापूर्वी मूळ घराच्या खळ्यात पूर्ण मापाने फक्की मारून घेतली: भिंती, दारे, पलंग, ओटा, संडासाचे भांडे, सगळे काही पांढऱ्या रेघांत. मग आईला खुर्चीत बसवून त्या रेघांच्या घरातून फिरवले. नुसत्या आराखड्यातून न कळणाऱ्या गोष्टी तिथे कळल्या. खुर्चीची रुंदी सव्वादोन फुटांच्या आत असली तरी चाक स्वतः फिरवणाऱ्याचे कोपर आणि बोटे त्या मापाच्या बाहेर जातात, म्हणून दाराची मोकळी रुंदी ९०० मिलिमीटर, म्हणजे तीन फूट, हवी असे केंद्र सरकारची सुगम्यतेची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात ते उगीच नव्हे. खुर्ची ढकलणारा माणूस मागे उभा असतो, त्यालाही दोन फूट लागतात, हे तर आराखडे काढणारे बहुधा विसरतातच. आणि काटकोनात दार लागले तर तीन फूटही अपुरे वाटतात. समोरून सरळ शिरता आले तर तेच पुरेसे होतात. त्या खळ्यातच आईच्या खोलीचे दार हातभर सरकले आणि पलंगाची दिशा बदलली. पलंग असा लागला की त्यावर बसल्यावर आईला खिडकीतून पाणंद दिसावी. तिने एवढीच एक मागणी केली होती.

अखेरचा आराखडा असा झाला. आतील माप साधारण २८ फूट लांब आणि साडेसोळा फूट रुंद, म्हणजे सुमारे ४६२ चौरस फूट. त्याच्या पूर्वेला पूर्ण लांबीची, सहा फूट रुंद पडवी. दक्षिणेला आईची खोली साडेनऊ फूट बाय अकरा, तिच्या मागे नैर्ऋत्येला न्हाणीघर. मध्ये दहा फूट रुंदीची बैठक. उत्तरेला आमची खोली, आठ फूट बाय साडेदहा, आणि तिच्या मागे बैठकीकडे उघडे असलेले स्वयंपाकघर. राष्ट्रीय बांधकाम संहितेत दोन खोल्यांपैकी एक किमान ९.५ चौरस मीटर आणि दुसरी ७.५ चौरस मीटर असावी असे आहे. आमच्या खोल्या या दोन्ही मापांच्या अगदी किंचित वर बसतात. एकच खोली ठेवली असती तर चारशे चौरस फुटांत काम झाले असते. परंतु आजारी माणसाची रात्र आणि शुश्रूषा करणाऱ्याची रात्र यांच्यामध्ये एक भिंत असावी, असे माझे ठाम मत आहे. झोपमोड झालेला माणूस सकाळी उचलाउचल नीट करू शकत नाही, आणि त्याचा त्रास शेवटी ज्याला उचलायचे त्यालाच होतो. दोन्ही खोल्या बैठकीच्या दोन बाजूंना ठेवून आईच्या उशाशी घंटेचे बटण दिले आहे.

आमच्या खोलीत खुर्ची शिरते, परंतु वळत नाही. मोठ्या पलंगाशेजारी साडेतीन फूटच उरतात, त्यामुळे आई आली की जाताना खुर्ची मागे मागे घ्यावी लागते. ही तडजोड जाणीवपूर्वक केली. वर्तुळ प्रत्येक खोलीत स्वतंत्रपणे बसवण्याचा हट्ट धरला असता तर घर सहज साठ-सत्तर चौरस फुटांनी वाढले असते. बैठकीत, आईच्या खोलीत आणि न्हाणीघरात ते पूर्ण आहे. स्वयंपाकघरात त्याचा काही भाग ओट्याखाली जातो.

कोकणात सुगम्य घर बांधताना खरी अडचण घराच्या आत नसते, ती जोत्यात असते. पावसाच्या पाण्यापासून घर वाचवायचे म्हणून जोते उंच घ्यायचे ही आपली पिढ्यान्‌पिढ्यांची रीत, आणि ती बरोबरच आहे. या पट्टीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पण दीड फुटाच्या जोत्याला १:१२ या कमाल उताराचा रॅम्प द्यायचा म्हटले तरी त्याची लांबी अठरा फूट होते, शिवाय वर आणि खाली पाच-पाच फुटांची सपाट जागा. आणि १:१२ हा उतार मार्गदर्शक तत्त्वांत मान्य असला तरी साठी उलटलेल्या माणसाने ओल्या जमिनीवर भरलेली खुर्ची त्यावरून ढकलून पाहावी, मग त्याविषयी बोलावे.

आमच्या जागेचा उतार पूर्वेकडून पश्चिमेकडे, समुद्राच्या दिशेने आहे आणि पाणंद पूर्वेला, वरच्या अंगाला. भाचीने त्याचा फायदा घेतला. पश्चिमेला जोते तीन फूट उचलले आणि पूर्वेला पडवी जमिनीच्याच पातळीवर ठेवली. फाटकापासून पडवीपर्यंत जमीन दीड फूट उतरते. ती वाट तीस फूट लांबवल्यामुळे उतार १:२० एवढा सौम्य झाला आणि रॅम्प असा वेगळा काही करावाच लागला नाही. वाऱ्यापावसाची झड नैर्ऋत्येकडून आणि पश्चिमेकडून येते, त्यामुळे पूर्वेचे दार आपोआप घराच्या आडोशाला आले.

अर्थात वरच्या अंगाने प्रवेश म्हणजे वरचे पाणीही दाराशी येणार. त्यासाठी पडवीच्या अलीकडे वाटेला आडवा चर खोदून त्यावर जाळी टाकली आहे आणि त्याचे पाणी दोन्ही बाजूंनी घराला वळसा घालून माडांच्या आळ्यांत सोडले आहे. जाळीच्या फटी अर्ध्या इंचाहून लहान असाव्या लागतात आणि त्या खुर्चीच्या दिशेला आडव्या असाव्या लागतात, नाहीतर पुढची लहान चाके त्यांत अडकतात. जाळी बनवणाऱ्याला हे दोनदा सांगावे लागते, कारण त्याच्या सवयीचे माप बैलगाडीचे नसले तरी मोटारीच्या चाकाचे असते. जाळीच्या पुढे पडवीची फरशी फक्त अर्धा इंच उंच आहे आणि तिची कड घासून तिरकी केली आहे. एवढा उंचवटा चाकाला जाणवत नाही आणि पाण्याला पुरतो. पडवीलाही बाहेरच्या बाजूला अगदी थोडा ढाळ आहे.

उंबरठ्यावरून मात्र गवंड्याशी बरीच चर्चा झाली. फरशीच्या पातळीत दार ऐकल्यावर तो कामावरून हात काढून उभा राहिला. “उंबरठो नाय, मग लक्षुमी खंयसून येतली?” असे त्याने विचारले, आणि आईनेही मान डोलावली. तोडगा त्यानेच काढला: मुख्य दाराखाली काळ्या दगडाची घडीव पट्टी फरशीच्या पातळीतच बसवली. तिच्यावर हळदकुंकू वाहता येते, दारात रांगोळीची रेघ ओढता येते आणि खुर्ची तिच्यावरून न धडकता जाते. घरातल्या इतर दारांना पट्टीही नाही. फरशी सलग गेली आहे.

न्हाणीघरासाठी सर्वाधिक विचार खर्च झाला आणि तो व्हायलाच हवा होता, कारण घसरणे, पडणे, लाजणे या सगळ्या गोष्टी तिथेच होतात. त्याचे माप साडेनऊ फूट बाय पाच फूट दोन इंच. भिंतीपासून भिंतीपर्यंत वर्तुळ जेमतेम बसते, आणि ते जिथे बसते तीच अंघोळीची जागा आहे; म्हणजे वळण्याची आणि पाणी अंगावर घेण्याची जागा एकच ठेवून पंचवीस चौरस फूट वाचवले. यासाठी अंघोळीच्या जागेला कठडा किंवा पायरी नाही, फरशीला पश्चिमेच्या भिंतीकडे १:५० चा ढाळ आहे आणि भिंतीलगत लांबट जाळीचा निचरा. याहून जास्त ढाळ दिला की ब्रेक न लावलेली खुर्ची आपोआप सरकते.

संडासाचे भांडे दक्षिणेच्या भिंतीला, पश्चिमेच्या भिंतीपासून मध्य दीड फुटावर. त्यामुळे भांड्याच्या पूर्वेला तीन फूट मोकळी जागा राहते आणि तिथे खुर्ची भांड्याला समांतर लावता येते. आईचा डावा हात आणि डावा पाय शाबूत असल्यामुळे ती खुर्चीवरून डावीकडे, म्हणजे भांड्याकडे, पश्चिमेच्या भिंतीवरचा दांडा धरून स्वतः सरकते. परतताना मात्र उजवी बाजू पुढे येते, तेव्हा कोणीतरी हात द्यावा लागतो. ज्यांच्या घरात डावी बाजू अधू असलेले माणूस असेल त्यांनी ही मांडणी आरशातल्यासारखी उलटी करावी. भांड्याच्या बैठकीची उंची १९ इंच ठेवली आहे, कारण खुर्चीच्या बैठकीची उंची जवळपास तेवढीच असते. पलंगही त्याच मापाचा करवून घेतला. बाजारात मिळणारे नेहमीचे भांडे दोन-तीन इंचांनी बुटके असते, त्याच्याखाली चौथरा करणे हा उपाय आहे, पण तो चौथरा भांड्याच्या बुडाएवढाच ठेवावा, नाहीतर खुर्चीची पावले ठेवायची पट्टी त्याला अडते.

दांड्यांविषयी थोडे सविस्तर सांगतो, कारण आमच्या भागात हे काम फार ढिलाईने होते. बाहेरच्या भिंती जांभ्याच्या नऊ इंची चिऱ्याच्या आहेत. जांभा हा सच्छिद्र दगड. त्यात भोक पाडून ठोकलेला खिळा किंवा बोल्ट चित्र टांगायला पुरतो, परंतु तोल गेलेल्या माणसाचे सगळे वजन झटक्यात आले तर उपटून येतो. म्हणून बांधतानाच जमिनीपासून दोन ते तीन फुटांच्या दरम्यान भिंतीत काँक्रीटचा सलग पट्टा ओतून घेतला आणि दांडे त्यात बसवले. भांड्याच्या मोकळ्या बाजूचा दांडा वर उचलता येणारा असून तो मागच्या भिंतीवर आहे. दांड्यांचे पोलाद ३१६ प्रतीचे घेतले. नेहमी मिळते ते ३०४ प्रतीचे पोलाद खाऱ्या हवेत काही महिन्यांत तांबूस डाग धरते. ३१६ मध्ये मॉलिब्डेनम असल्यामुळे ते खारटपणाला जास्त टिकते. किमतीतला फरक बोचतो, पण पकडायच्या दांड्याला हात लावण्याची किळस वाटू लागली की तो दांडा असून नसल्यासारखा होतो.

न्हाणीघराला दोन दारे आहेत, एक आईच्या खोलीतून आणि एक बैठकीतून. पाहुण्यांना आईच्या खोलीतून जावे लागू नये म्हणून दुसरे. दोन्ही सरकती. सरकत्या दारांचे सगळे यश वरच्या रुळावर असते: दार वरून टांगलेले हवे, खाली जमिनीत खाच नको, कारण खाचेत चाक अडकते आणि आषाढात पाणी साचते. लाकूड आमच्याच फणसाचे, मांगर पाडण्याच्या आधीपासून चिरून सावलीत रचून ठेवलेले. तरीही पावसाळ्यात लाकूड फुगणार हे धरून सुताराने दार आणि भिंत यांच्यात नेहमीपेक्षा अधिक फट सोडली. हलक्या मुठीने ओढता येईल अशी लांब उभी मूठ लावली. गोल मूठ अशक्त हाताला फिरवता येत नाही.

ओट्याची दोन मापे आहेत. पश्चिमेच्या भिंतीलगतचा आठ फुटांचा ओटा चार फूट लांबीपर्यंत ३४ इंच उंच आहे आणि बैठकीकडचा उरलेला भाग ३० इंच, खाली पूर्ण मोकळा, म्हणजे आईचे गुडघे आत जातात. तिथेच उथळ सिंक आणि बाजूच्या दांडीने उघडणारा नळ. आई डाव्या हाताने भाजी निवडते, कोकमे उलगडते, आणि आमटीत मीठ किती हे मला तिथूनच सांगते. सिलिंडर बाहेर, भिंतीच्या पलीकडच्या पिंजऱ्यात ठेवला आहे. आतली जागा वाचली आणि चौदा किलो वायूची ती जड टाकी घरातून फिरवणे टळले.

छप्पर मंगलोरी कौलांचे, लोखंडी कैच्यांवर, पश्चिमेला तीन फूट पुढे काढलेले. मे २०२१ मधले तौक्ते वादळ किनाऱ्याला समांतर वर गेले तेव्हा गावातली कडेची कौले सर्वांत आधी उडाली होती, म्हणून कडेच्या ओळी तारेने बांधून घेतल्या. माळा आहे, पण तो फक्त आमच्या खोलीवर आणि स्वयंपाकघरावर, आणि त्यावर सामानाखेरीज कोणी जात नाही. खिडक्यांची उंबरपट्टी जमिनीपासून दोन फुटांवर, म्हणजे बसलेल्या माणसाला बाहेरचे दिसते. कड्याही त्याच्या हाताच्या उंचीवर. दिव्यांची बटणे तीन फुटांवर आणि प्लग दीड फुटावर आले.

परवानग्यांबद्दल फार लिहीत नाही. किनारा नियमन क्षेत्र भरतीरेषेपासून जमिनीकडे ५०० मीटरपर्यंत मोजतात आणि आमची जागा त्याच्या पलीकडे असल्याने तो प्रश्न उद्भवला नाही. ज्यांची जागा आत आहे, विशेषतः खाडीच्या काठाला, त्यांनी आराखड्याला पैसे देण्याआधी ते तपासावे. सुगम्यतेची केंद्र सरकारची २०२१ ची एकत्रित मार्गदर्शक तत्त्वे मुळात सार्वजनिक इमारतींसाठी आहेत, खासगी घराला ती बंधनकारक नाहीत. पण मापांसाठी तीच हाताशी ठेवावीत असे मी सुचवेन. त्यातली मापे जशीच्या तशी घ्यावीत आणि त्यातली चित्रे मात्र विसरावीत, कारण त्या चित्रांच्या नादाने घर रुग्णालयासारखे दिसू लागते.

पहिल्या पावसाळ्यात घराची कसोटी लागली. पूर्वेची पडवी कोरडी राहिली, आई दुपारभर तिथे बसू शकली. न्हाणीघराचे एक दार श्रावणापर्यंत जड झाले होते, ते सुताराने उतरवून रंधून दिले. चराच्या जाळीवर आंब्याची पाने चिकटून पाणी पडवीकडे वळते हे लवकरच लक्षात आले, म्हणून जाळी आता उचलता येतील अशा तुकड्यांत आहे आणि सकाळी ती झाडणे हे दूध तापवण्याइतके नित्याचे काम झाले आहे. वाटेवरचे शेवाळ मात्र हट्टी निघाले. काँक्रीट ओले असतानाच त्यावर खराट्याने आडव्या रेघा मारल्या होत्या, त्यांनी चाक घसरत नाही, पण ढकलणाऱ्याचा पाय घसरतो. ब्लीचिंग पावडर आणि खराटा यांनी दर पंधरवड्याला ते काढावे लागते. दिवाळीनंतर त्या तीस फूट वाटेवर पत्र्याची माटवी घालायची आहे. वाट साडेचार फूट रुंद असल्याने खांब दोन्ही बाजूंना घेतले तर खुर्चीला अडचण होईल. म्हणून ते एकाच बाजूला, हात धरायच्या कठड्याच्या रेषेत उभे करायचे आणि पत्रा एका अंगाने पुढे काढायचा असे ठरले आहे. वाऱ्याने तो उचलू नये यासाठी खांबांचे पाय किती खोल घ्यावेत, याचा हिशेब भाची सध्या करते आहे.